हरकत कायम

९ जानेवारी, सकाळी सव्वासात
आजपासून रोज लिहायचं. सातवी पास माणसाला लिहिता येत नाही असं कोण म्हणतो? पस्तीस वर्षं बस चालवली, रोज लॉगशीट भरली. कधी खाडाखोड नाही. फार तर दोनदा.
हिला घेऊन मागच्या मैदानावर गेलो. अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले, डावा पाय अजून ओढतेच. डॉक्टर म्हणाले होते, चालवा, नाहीतर कायमची बसेल. चालवायला जागा ही एवढीच. रस्ता ओलांडायला नको, चढ नाही. पलीकडे सिमेंटचा एक पाइप पडलाय, तिथवर जाते, त्यावर बसते आणि मलाच म्हणते, दमलात, बसा आता.

११ जानेवारी
चौकात नोटीस लागली. महापालिका सगळ्या बागांचा आणि मोकळ्या जागांचा आराखडा करणार. मसुदा तयार. हरकती आणि सूचना तीस दिवसांत द्याव्यात. शेजारचे मास्तर म्हणाले, मैदान पाणी खात्याच्या नावावर आहे, त्यांना तिथे पाइपांचं गोदाम बांधायचंय, केव्हापासूनचा डोळा आहे. हिला काही बोललो नाही. ठरवलं, हे प्रकरण आपण स्वतः हातात घ्यायचं.

१४ जानेवारी
सुनेने मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. म्हणाली, बाबा, आपलं मैदान हिरवं दाखवलंय, म्हणजे बागच होणार. मग भांडायचं कोणाशी? पोरगी हुशार आहे, पण भोळी. मसुद्यातला हिरवा तो. सिग्नल हिरवा असतानाच मला दोनदा ठोकलंय.

१७ जानेवारी, दुपारी
ऑफिसात जाऊन फॉर्म भरला. त्यात दोन चौकोन. एक सूचना, एक हरकत. सूचना म्हणजे इंडिकेटर, हरकत म्हणजे हॉर्न. इंडिकेटर बघून आजवर कोण बाजूला झालंय? हरकतीवर ठसठशीत खूण केली. कारण लिहिलं, “या जागेला कोणीही हात लावू नये. आहे तशी राहावी. इथे काहीही करायला आमचा सक्त विरोध आहे.” सक्तच्या खाली दोन रेघा.
काउंटरवरच्या बाईंनी वाचलं. विचारलं, आजोबा, नक्की हरकतच ना? म्हटलं, शिक्का मारा. बाई वचकल्या असाव्यात. लगेच मारला.

२ फेब्रुवारी
मध्ये लिहायचं राहिलं. कामाचा बोजा. हिचं चालणंही चार दिवस बुडालं, पण तिच्याचसाठी चाललंय सगळं. उद्यापासून दोन फेऱ्या.
हरकतीला जोडायच्या कागदावर एक्केचाळीस सह्या झाल्या. मास्तर म्हणाले, वाचून सही करतो. म्हटलं, मास्तर, तुम्ही वाचायला बसलात तर मुदत संपेल. हसून सही केली त्यांनी. सून म्हणाली, बाबा, मला एकदा दाखवा तरी. कागद ऑफिसात देऊन आलोय असं सांगितलं. पिशवीतच होता. पण घरात वाद नकोत.

२६ फेब्रुवारी
सुनावणी. कोट घातला. बटणं लागत नाहीत, तरी उघडाही बरा दिसतो.
टेबलामागे तीन साहेब. मधल्याने फार गोड आवाजात विचारलं, तुमच्या भागाचा विरोध आहे म्हणता, विचार बदलायला वाव आहे का? गोड आवाज ऐकला की मी सावध होतो. म्हटलं, नाही. तो म्हणाला, हरकत मागे घेतलीत तर आम्हाला पुढे जाता येईल. घ्या! पुढे जायचंय त्यांना! उभा राहिलो आणि सांगितलं, एक्केचाळीस माणसं आहेत माझ्यामागे. मेलो तरी मागे घेणार नाही. साहेबाने दुसऱ्याकडे बघितलं आणि लिहिलं, हरकत कायम.
घरी येऊन हिला सगळं करून दाखवलं, साहेबाच्या आवाजासकट. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसली. म्हणाली, बाग झाली की पाइप मात्र हलवू देऊ नका, मला त्याची सवय झालीय.

१९ मार्च
महासभेत गॅलरीत बसलो. हात वर झाले, ठराव झाला, आराखडा कायद्याने लागू. बासष्ट जागांवर बागा. एकच जागा वगळली, तिथल्या लोकांचाच बागेला विरोध होता म्हणे. काय एकेक माणसं असतात! येताना हिच्यासाठी नवीन काठी घेतली. रबरी टोकाची. मातीवर घसरत नाही.

२३ मार्च
ऑफिसचं पत्र आलं. “आपल्या भागातील नागरिकांच्या तीव्र हरकतीचा मान राखून सदर जागा आराखड्यातून वगळण्यात आली आहे.” तीनदा वाचलं. मग सुनेकडून वाचून घेतलं. ती वाचता वाचता थांबली, पण काही बोलली नाही. बोलायला हवं होतं.

२४ मार्च
काउंटरवर गेलो. बाई म्हणाल्या, आजोबा, मी विचारलं होतं तुम्हाला. साहेबांनीही विचारलं. म्हटलं, आता मागे घेतो, कुठे सही करू? म्हणाल्या, ठराव झाला हो, आता मागे घ्यायला काही उरलं नाही. पुढचा आराखडा दहा वर्षांनी. जागा पाणी खात्याचीच राहणार. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. चूक फॉर्मची आहे. चौकोन इतके जवळजवळ छापतात का कोणी?

६ एप्रिल
मैदानाला पत्रे ठोकले. आपली खिडकी दुसऱ्या बाजूला, तेवढं बरं. आवाज कसला म्हणून हिने विचारलं. कुणाचं तरी घरकाम चाललंय, म्हटलं. उद्या नीट बसून सगळं सांगणार.

७ एप्रिल
पाहुणे आले. जमलं नाही.

१५ एप्रिल
ऊन फार आहे, असं सांगून आठवडा काढला. आज सकाळी ती स्वतःच चपला घालून दारात उभी होती, नवी काठी घेऊन. काहीतरी बोलायला हवं होतं. माझा गुडघा धरलाय, असं म्हणालो.
मला आत नेऊन बसवलं. उजव्या हातानेच तेलाची बाटली उघडली, दातात झाकण धरून. गुडघा चोळत बसली. म्हणाली, त्या जागेसाठी हेलपाटे घालून घालून झालंय हे, माझ्यापायी. सून दारातून बघून आत निघून गेली.
हिने विचारलं, बरं वाटतंय का. वाटतंय, म्हणालो.
मग तिने दुसरा गुडघा पुढे घ्यायला सांगितला.