यादीतलं सातवं नाव

प्रिय तुळजा,

आज मंगळवार. डायलिसिसच्या वॉर्डातून अकराला घरी आलो, हातपाय धुतले आणि लिहायला बसलो. तू केलेल्या प्रोग्रॅममधून आज मी तुझं नाव काढलं. तुला न विचारता काढलं. ते कसं घडलं हे सांगितल्यावाचून घास उतरणार नाही.

माझी देवनागरी पाहून हसशील. वडिलांनी पाटीवर गिरवून घेतली तेवढीच. या तमिळ मुलखात, आपल्या गल्लीत ती वाचणारं आता कोण उरलंय? मीनाला मराठी बोललेलं कळतं, लिहिलेलं नाही. म्हणजे हे पत्र तुझं-माझंच. बरं झालं. यात एक गोष्ट अशी आहे, जी मुलीला सांगायचं धैर्य मला होत नाही.

आधी त्या पुस्तकाचं बोलू. मीना बंगळूरला नोकरीला गेली, तेव्हा प्रोग्रॅमिंग अगदी पहिल्यापासून शिकवणारं ते जाड पुस्तक तिच्या कपाटात राहून गेलं. तू ते धूळ झटकायला काढलंस आणि तिथेच वाचत बसलीस. सत्तावन्न वर्षांची बाई! तिचाच जुना लॅपटॉप पुढ्यात घेऊन एका बोटाने अक्षरं शोधायचीस. ज्या दिवशी पडद्यावर तुझ्या नावाने नमस्कार उमटला, त्या दिवशी आतून ओरडलीस, "अहो, या की! हे मला ओळखतं!" मी हातातला पेपरसुद्धा खाली ठेवला नाही.

मग आली ती ओळ. एक्स बरोबर एक्स अधिक एक. ती घेऊन तू माझ्याकडे आलीस. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलेला, माझ्याकडे नाही तर कुणाकडे येणार? माझे दोन जुने सहकारी त्या वेळी बसले होते. त्यांच्यासमोर मी मोठ्याने हसलो. "अगं, हे सरळ सरळ खोटं आहे. पाचवीतलं पोरही सांगेल." तेही हसले. तू फिल्टर कापीचे रिकामे टंबलर उचललेस आणि जाता जाता म्हणालीस, "हे गणित नव्हे हो. डब्यात जे होतं त्यात आणखी एक घातलं, एवढंच."

त्यानंतर मला कधी काही विचारलं नाहीस. इतका राग आला होता का गं? की माझा नुसता कंटाळा आला होता?

तुझी मूत्रपिंडं थकली त्या वर्षी मी हादरलो, तू नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहाटे रिक्षा, चार तास यंत्राला बांधलेली, आणि मोकळ्या हातात ते पुस्तक. सहा खाटा, सहा माणसं. प्रत्येकाला पाणी मोजून प्यायचं, आणि मोजायला प्रत्येक जण चुकायचा. पापनाशमचे मुरुगेसन शेतातून आले की मडक्याला तोंड लावायचे आणि वॉर्डात येऊन म्हणायचे, काहीच प्यालो नाही. वजनकाटा मात्र खोटं बोलायचा नाही.

तेव्हा तू तो प्रोग्रॅम लिहिलास. सहा जणांची नावं. एकेकाला विचारायचं, पाणी किती, कापी किती, रसम किती, ताक किती. बेरीज करून सांगायचं, डॉक्टरांनी नेमून दिल्याच्या आत आहात की बाहेर. प्रश्न तू इंग्रजी अक्षरांत मराठीतूनच घातलेस. "किती प्यालांत?" सेल्वी सिस्टरने विचारलं, "अम्मा, तमिळमध्ये का नाही?" तू म्हणालीस, "मी या लॅपटॉपशी माझ्या भाषेत बोलते. तुम्हीच शिका." आणि शिकले की सगळे! मुरुगेसनसारखा माणूस खाटेवरून ओरडायला लागला, "दोन टंबलर, थोडं ताक!" तीनशे वर्षं आपण त्यांची भाषा बोललो. त्यांनी आपली बोललेली मी पहिल्यांदा ऐकली.

आता ती गोष्ट.

मार्गळी महिन्यातला, ऐन थंडीतला तो रविवार. तू कापी मागितलीस. तुझा दिवसाचा वाटा संपला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी भरून टंबलर दिला. तू डोळे मिटून प्यालीस आणि म्हणालीस, "लिहून ठेवा हं." मी म्हणालो, ठेवतो. ठेवलं नाही. मंगळवारी आकडा वाढलेला दिसला तर तू स्वतःलाच बोल लावशील, असं मला वाटलं. सोमवारी सकाळी तू उठलीच नाहीस.

डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, "सार, हृदय आधीच थकलं होतं. एका टंबलरने असं होत नाही." त्यांनी खरंच सांगितलं असेल. पण मी अजून सकाळी कापी करतो तेव्हा दूध उतू जाईपर्यंत उभा राहतो आणि मला कळत नाही. तू असतीस तर काय म्हणाली असतीस? पुष्कळदा विचार केला.

तेरावा झाल्यावर लॅपटॉप मी वॉर्डात देऊन आलो. सेल्वी तो चालवू लागली. मग दोन महिन्यांनी, मासी महिन्यात, तुझ्या खाटेवर नवा माणूस आला. तिरुवैयारुचे कल्याणसुंदरम, नादस्वरम वाजवणारे. विचार कर, ओठ कोरडे ठेवून ते वाद्य फुंकायचं! सेल्वीचा फोन आला. "सार, यांचं नाव घालता येत नाही. सहाच जागा आहेत. अम्मांच्या जागी यांचं घालून द्याल?"

मी हो म्हणालो आणि गेलो. पण तुझ्या नावावर हात जाईना. म्हटलं, सातवी जागा करू. सगळ्यात खाली काहीतरी टाइप केलं आणि प्रोग्रॅमच बंद पडला! त्या गुरुवारी सहाही जणांचा हिशोब सेल्वीने कागदावर केला. शनिवारी मी घातलेलं पुसलं तेव्हा तो पुन्हा चालू झाला, पण नव्या माणसाचा हिशोब कागदावरच राहिला. ती शरम आणि तुझ्या प्रोग्रॅमची प्रत घेऊन घरी आलो, मीनाकडून दुसरा लॅपटॉप मागवला आणि तुझं पुस्तक उघडलं. पहिल्या पानापासून.

तुळजा, किती अवघड आहे गं हे! एक विरामचिन्ह राहिलं की अडतं. ओळ चार जागा आत हवी, तिथे तीन सोडल्या की अडतं. ज्या चुका मी मुलांच्या वहीत लाल करायचो, त्या आता यंत्र माझ्या दाखवतं, तेही न हसता. एक्सच्या त्या ओळीशी दोन दिवस अडलो. शेवटी डबा समोर ठेवला, त्यात एकेक सुपारी टाकली, आणि मग कळलं. घरात कुणी नव्हतं. तरी मोठ्याने म्हणालो, "तुझं बरोबर होतं."

यादीचा धडा यायला पाच महिने लागले, आडी महिना उजाडला. तू तेच प्रश्न सहा माणसांसाठी सहा वेळा लिहिले होतेस. त्या धड्यापर्यंत तू पोचली नव्हतीस, हे तेव्हा लक्षात आलं. मी ते एकदाच लिहिले आणि नावांची यादी केली. कितीही नावं घाला. तुझं पहिलं ठेवलं, कल्याणसुंदरमचं सातवं.

आज सकाळी तो वॉर्डात बसवला. सुरू केला. पडद्यावर पहिलंच आलं, "तुळजा, किती प्यालांत?" मी काही बोलायच्या आत सेल्वीने शून्य दाबलं. पुन्हा शून्य, पुन्हा शून्य, पुन्हा शून्य. चारही प्रश्नांना. पडद्याकडे बघतही नव्हती.

"हे काय केलंस?"

"रोज असंच करते, सार. रिकामं सोडलं तर पुढे जात नाही."

"इतके महिने? सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "कसं सांगणार? अम्मांचं नाव काढा म्हणून?"

आठवड्यातून तीन दिवस, तुळजा. त्या पोरीने तुझ्या नावापुढे शून्य लिहून दिवस सुरू केला, आणि मी घरात तुझं नाव जपत बसलो होतो. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. मुरुगेसन खाटेवरून म्हणाले, "इरुक्कट्टुम, सार. राहू दे." मी म्हणालो, "नको. तिला शून्य आवडायचं नाही."

ती ओळ शोधली, नाव पुसलं, प्रोग्रॅम पुन्हा चालवला. "मुरुगेसन, किती प्यालांत?" ते बोटांवर मोजू लागले. मग त्यांनी उत्तर दिलं, आणि पहिल्यांदाच खरं दिलं असावं, कारण आकडा बराच मोठा होता. सेल्वी त्यांना रागावली. सगळे हसले. मीही हसलो, मग बाहेर जाऊन व्हरांड्यात थोडा उभा राहिलो.

एक वचन देतो. पुस्तकाचे राहिलेले धडे मी पुरे करीन. आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार मी तिथे असेन. कुणी नवं आलं तर नाव मीच घालीन. कुणी गेलं तर मीच काढीन. ते काम सेल्वीवर पुन्हा टाकणार नाही.

आता जेवतो.

तुझा
गोविंद