चाळीस पानांचा भात

रुवी, मस्कत
२१ सप्टेंबर २०१७

प्रिय अश्लेषा, माझ्या भांडखोर लेकी,

हे पत्र सेबॅस्टियनच्या बॅगेतून येतंय. तो उद्या वसईला सुट्टीवर निघालाय, तिथून कुरियर करीन म्हणाला. फोनवर का नाही सांगितलं म्हणून तू रागावशील. पण फोन वाजला की तुझी आई स्पीकर लावायला लावते आणि शेजारी येऊन बसते. शिवाय बोलायला लागलो की माझं गाडं भलत्याच रस्त्याला लागतं. कागदावर निदान खोडता येतं. सात तारखेला पुण्यात तू शंभरेक खानावळवाल्यांपुढे उभी राहणार आहेस आणि आपल्या रुवीच्या खानावळीची गोष्ट सांगणार आहेस. एका म्हाताऱ्याने रोजचं नऊ किलो वाया जाणारं अन्न सहाशे ग्रॅमवर कसं आणलं, ती. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. आशू, ते आकडे वाचू नकोस. का ते सांगतो, पण माझ्या चालीने सांगू दे.

जानेवारीत तू आलीस तेव्हा तिसऱ्याच दिवशी आपलं वाजलं. उष्ट्याची बादली तू पुण्याहून आणलेल्या ताणकाट्याला टांगलीस आणि म्हणालीस, बाबा, हा भात नुसता वाया जात नाही, तो कचऱ्याच्या डोंगरात सडतो, त्याचा वायू होतो आणि त्याने हवा तापते. मी म्हटलं, अगं, दुबई-मस्कतात रात्रंदिवस एसी चालतात, त्यापुढे माझी बादली ती केवढी! तू वाद घातला नाहीस. मोबाइलवर फक्त एक फोटो दाखवलास. आपल्या गावच्या शाळेचा. समुद्राने कुंपण नेलेलं आणि उंडिणीच्या झाडाची मुळं उघडी पडलेली. त्या झाडाखाली आमचे मास्तर कविता म्हणून घ्यायचे. चाळीस पोरं एका सुरात, आणि वाऱ्याने आवाज खाडीपलीकडच्या वाडीत जायचा. तिथल्या बायका माझं नाव घेऊन म्हणत, आज रामकृष्णाचा आवाज बसलाय गं. त्या झाडापर्यंत आता पाणी आलंय हे बघून मी त्या रात्री जेवलो नाही. खानावळीत काय काय बदलायचं त्याची तुझी अकरा कलमांची यादी सकाळी मीच फ्रिजवर चिकटवली.

आणि खरं सांगतो, मला मजा येऊ लागली. थर्माकोलचे डबे गेले, स्टीलचे आले. मुंबईहून विमानाने येणारी तोंडली, पडवळ, अळूची पानं बंद केली. आठ दिवस पोरं तोंडं वाकडी करून जेवली. विमानातून आलेल्या तोंडल्यात त्यांना गाव लागायचं, आणि मी इतकी वर्षं तेच गाव त्यांना विकत होतो. आता इथून जवळच्या बरका गावचा जमाल पिकअपमधून तिथली वांगी, काकड्या, टोमॅटो आणतो आणि जाताना सालं-देठं बकऱ्यांसाठी नेतो. शिजलेला भातही ने म्हटलं तर हात जोडून म्हणाला, चाचा, भात नको, पोट फुगून बकरी मरेल. भिंतीवर मी भुजंगप्रयातात दोन ओळीही लिहून लावल्या:

पुन्हा घ्या हवे ते, भुकेल्यास लागे,
नका टाकु पानात अन्नास मागे.

पहिली ओळ अर्थाला लंगडते, कळतं मला. सेबॅस्टियन वाचून म्हणाला, काका, हे वाचूनच भूक मेली, आता टाकायला मागे राहणार काय? अख्खी खानावळ हसली. तुझी आई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

सगळ्यात लागू पडली ती तुझी खाड्याची युक्ती. पूर्वी कोण जेवायला येणार नाही ते आम्हाला जेवणं झाल्यावरच कळायचं. तू चाळीस खिळ्यांची फळी स्वयंपाकघरात ठोकून दिलीस आणि प्रत्येकाच्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला खिळ्यावर टांगलास. ज्याचा खाडा, त्याने आदल्या संध्याकाळी बिल्ला काढून डब्यात टाकायचा. आईने सकाळी उरलेले बिल्ले मोजायचे आणि माणशी एक वाटी तांदूळ घ्यायचा. मार्चअखेर बादली चार किलोवर आली. तुला फोन केला तेव्हा तू इतक्या मोठ्याने ओरडलीस की आई म्हणाली, पोरगी पास झाली वाटतं.

मग एप्रिल आला. रस्त्याचं काम घेतलेल्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि आपली तेवीस माणसं एका आठवड्यात घरी गेली. तेलाचे भाव पडल्यापासून हे इथे चाललेलंच आहे, पण आपल्या दारापर्यंत आलं नव्हतं. तेवीस नंबरचा बावकर आठवतो? ताटात भाताचा ढीग लागायचा तो. तो जाताना आईच्या पाया पडला आणि म्हणाला, काकी, सावंतवाडीला असा भात मिळायचा नाय. ती हसली, खलास म्हणून हात झटकले आणि आत गेली. मला वाटलं, सावरली. तेवीस बिल्ले मी स्वतः डब्यात टाकले. राहिले सतरा.

आता बादली दोन किलोवर यायला हवी होती, नाही का? मे महिन्यात ती बारावर गेली. मी आधी पोरांवर डाफरलो. ताटं पाहिली तर ती चाटूनपुसून स्वच्छ. मग गुरकावलो रहिमावर. दापोलीची ती बाई चार वर्षं तुझ्या आईच्या हाताखाली राबतेय, कधी उलट शब्द नाही. मी तिला सगळ्यांदेखत म्हटलं, वाटीभर तांदळाचं माप कळत नाही तुला? ती खाली मान घालून भांडी घासत राहिली. तिसऱ्या दिवशी मी एकटा असताना दारात येऊन म्हणाली, काका, माप माझं नाय. गेलेल्यांचे बिल्ले मी रात्री काढून डब्यात टाकते, काकी रोज सकाळी डब्यातले सगळे बिल्ले परत खिळ्यांवर लावतात नि मग मोजतात. मी काय बोलू त्यांना? तुम्ही मला बोला, चालंल. पण त्यांना नका बोलू.

सकाळी मी मत्रहच्या मासळीबाजारात असतो. आल्यावर बघायचो तो तुझा ताणकाटा, फळीकडे बघायचं काय कारण? दुसऱ्या दिवशी बाजारात गेलोच नाही. कोठीच्या दाराआड उभा राहिलो. ती आली, पदर खोचला, डबा उपडा केला आणि एकेक बिल्ला पुसून जागच्या जागी लावू लागली. नंबर चुकला नाही एकही. पुटपुटत होती, हा परबांचा, हा धाकट्या तांडेलाचा, ह्याला आमटी नको, हा बावकर. चाळीस झाले. मग चाळीस वाट्या तांदूळ. दुपारी सतरा माणसं जेवून गेल्यावर तिने मोठा टोप झाकून ठेवला आणि रहिमाला बजावलं, हात लावू नकोस, कंपनीची माणसं उशिरा येतात. तुला वाटेल, उरलेला भात कुणाला तरी द्यावा. द्यायला निघालो की ती वाटेत उभी राहते, त्यांच्या तोंडचा घास काढता का म्हणते. संध्याकाळपर्यंत ह्या उन्हाळ्यात भात आंबतो, आणि मग तो बादलीखेरीज कुठे जाणार?

एकदा फळी काढून लपवली. तिने बोटांवर मोजलं, चाळीसच. एकदा सांगितलं, अगं, ती माणसं गेली. हो की, म्हणाली, मीच वेडी. रडली थोडी. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस. आमटीत दोनदा मीठ पडतं. पोरं गुपचूप पाणी घालून खातात आणि, काकी, मस्त झालीय, म्हणतात. सेबॅस्टियन तर मुद्दाम दुसऱ्यांदा भात घेतो. डॉक्टरने बजावलंय तरी.

जुलैत एका सोमवारी मी धीर केला. म्हटलं, जयवंती, आज तू आराम कर, रहिमा बघेल. रहिमाने सतरा वाट्या तांदूळ घेतला. संध्याकाळी बादली टांगली. सहाशे ग्रॅम! मे-जूनचे आकडे तुला कळवायचे मी टाळत होतो, हा लगेच कळवला, आठवतं? तू म्हणालीस, बाबा, तुम्ही ग्रेट आहात. तो आकडा खरा होता, आशू, त्यानंतरचा एकही नाही. त्या दिवशी तुझी आई इस्त्रीची साडी नेसून पलंगाच्या कडेवर बसून होती. हात मांडीत. दुपारी जेवायला बोलावलं तर संकोचाने दोन घास खाल्ले आणि ताट स्वतः विसळायला निघाली. दिवेलागणीला मला हळूच विचारलं, अहो, आपण कुणाकडे पाहुणे आलोय? फार दिवस राहणं बरं दिसत नाही.

मंगळवारी सकाळी मीच तिच्या हातात डाव दिला. बादली अकरा किलो. तुला कळवले साडेपाचशे ग्रॅम. मग सहाशे वीस, मग पाचशे ऐंशी. शंका येऊ नये म्हणून मधेच एखादा आठशे. सबंध आयुष्यात दोन ओळी धड जमल्या नाहीत मला, पण खोटे आकडे कसे अगदी वृत्तात बसत गेले. तू त्यांचा आलेख काढलास, मला पाठवलास. ती उतरती रेघ मी तुझ्या आईला दाखवली. ती म्हणाली, किती छान काढलंय पोरीने.

पण नुसते आकडे खोटे आहेत एवढंच सांगायचं असतं तर दोन ओळी पुरल्या असत्या. लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. भात कमी करायचा आता एकच उपाय उरलाय, तिला चुलीपुढून उठवायचं. तो मी एकदा केला, पुन्हा माझ्याने होणार नाही. आणि रोज संध्याकाळी ती बादली उचलताना तुझा समुद्रही दिसतो मला, तोही खोटा नाही. दोन्हींच्या मध्ये मी नुसता उभा आहे. तिला डॉक्टरकडे चल म्हटलं की ती विचारते, आणि दुपारच्या जेवणाचं कोण बघणार? चाळीस माणसं उपाशी ठेवू? पुण्याच्या सभेत आमचं नाव घेऊ नकोस, किंवा खरं ते सांग, तुला योग्य वाटेल तसं. पण सभा झाली की इकडे ये. तिला काय सांगायचं ते ठरवून ये. आणि ठरलं नाही, तरी ये.

तुझाच, तुझ्याशी पहिल्यांदाच खोटं बोललेला,
बाबा