लेझर की नाइट साइट?

१२ सप्टेंबर १९८७, शनिवार. चँडलर.
शेजारच्या शैलेंद्रकडे चोरी. भरदुपारी! व्हीसीआर गेला. मृणालिनी घाबरली आहे. मी ऑफिसला आणि विनीता शाळेत गेली की ती दिवसभर घरात एकटी. म्हणते, दसरा झाला की शिकागोजवळ शॉमबर्गला नंदाताईकडे जाऊन राहते. माझी बायको भीतीपोटी बहिणीच्या घरी? नाकाला मिरच्या झोंबल्या. तडक जाऊन पिस्तूल घेतलं. ॲरिझोनात ते कमरेला उघड लावून फिरलं तरी कोणी हटकत नाही. दसऱ्याच्या आत तिची भीती घालवणार. निर्धार!

१३ सप्टेंबर, रविवार.
पिस्तूल नुसतं असून भागत नाही, नेम धरायला साइट चांगली हवी. लेझर घेतला तर जिथे लाल ठिपका तिथे गोळी. नाइट साइट घेतली तर तीन हिरवे ठिपके अंधारात आपोआप चमकतात. मी सेमीकंडक्टरमधला माणूस, असले निर्णय घाईत घेत नाही. शैलेंद्र म्हणाला, यार, आधी रेंजवर जाऊन चार गोळ्या तरी मार. याचाच व्हीसीआर का गेला, ते कळलं.

१९ सप्टेंबर, शनिवार.
लेझर बसवला. काय रुबाब! पिस्तुलाच्या पोटाशी दुसरं पिस्तूल बांधल्यासारखं दिसतं. आता होल्स्टरमध्ये मावत नाही. किरकोळ बाब.
दुपारी: भिंतीवर ट्रायल. पिस्तूल रिकामं, मी काही मूर्ख नाही. ठिपका भिंतीवर, मग गणपतीच्या फोटोवर, मग छतावर. विनीता सोफ्यावर गडाबडा लोळली. डॅड, युवर हँड इज शेकिंग, म्हणे. हात नव्हे, घर हलतंय. वरचा कूलर व्हायब्रेट होतो. मृणालिनीने कूलर बंद केला. ठिपका तसाच. जमिनीतच काहीतरी असावं.

२० सप्टेंबर, रविवार.
बॅकयार्डात उन्हामध्ये ट्रायल. लाल ठिपका दिसेचना. लेझर कॅन्सल केला. नाइट साइट! मृणालिनी विचारते, चोर दुपारी येतो ना, मग नाइट साइट कशाला? तिला टेक्निकल बॅकग्राउंड नाही.

२६ सप्टेंबर, शनिवार.
अहाहा! नाइट साइट बसली. अंधार हवा म्हणून भरदुपारी कपड्यांच्या क्लोजेटमध्ये शिरून दार लावून घेतलं. साड्यांच्या मधोमध तीन हिरवे ठिपके! शिवाय हात हलला तरी भिंतीवर चहाडी होत नाही, हा फार मोठा गुण. आनंदाने चक्क नाचलो. हँगरचा दांडा साड्यांसकट डोक्यावर आला. मृणालिनीने दार उघडलं आणि किंकाळी फोडली. ट्रेनिंग चालू आहे, असं सांगितलं.

१ ऑक्टोबर, गुरुवार. खंडेनवमी.
रजा घेतली. देवघरात पाटावर पिस्तूल मांडलं, हळदकुंकू, अक्षता, अंगणातला झेंडू. शेजारी मृणालिनीची कात्री आणि फूड प्रोसेसर. पूजेतलं शस्त्र दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, ही आमच्या घरची रीत.
दुपारी ३: मागचं स्लायडिंग डोअर खडखडलं. बाहेर एक दांडगा माणूस, हातात पहार. मृणालिनी कुजबुजली, अहो, पिस्तूल! मी म्हटलं, पूजेत आहे. रीत म्हणजे रीत. मोक्याची जागा म्हणून क्लोजेट गाठलं. तिथून सगळं स्पष्ट ऐकू आलं. तिने दाराशी जाऊन त्याला अस्सल मराठीत असं काही झाडलं की पहार टाकून गडी कुंपणावरून पसार. मग तिने पोलिसांना फोन केला, शैलेंद्रला फोन केला आणि शेवटी क्लोजेट उघडलं.

३ ऑक्टोबर, शनिवार.
मृणालिनी शॉमबर्गला जात नाही. भीती पार गेली म्हणते. म्हणजे दसऱ्याच्या आत घालवणार म्हटलं होतं, ती घालवलीच!
संध्याकाळी: तिने नंदाताईला फोन करून सगळं ठरवलंय. मी जायचं. थोडे दिवस राहून या, तिथे घरात पुष्कळ माणसं आहेत, तुम्हाला बरं वाटेल, इथलं मी बघते, असं म्हणाली. हसत नव्हती. डोक्यावरून हात फिरवला. मी ठणकावून नाही म्हणणार होतो. पण शैलेंद्रकडे चोरी झाल्यापासून मला झोप नाही, हे तिला कसं कळलं कोण जाणे. बॅग भरतोय.