सत्याच्या दिवशीचं घड्याळ

२४ ऑगस्ट
डॉक्टरांनी तिसऱ्यांदा सांगितलं, ठोके मोजणारं घड्याळ घाला. लोणंदला भाषण करता करता खाली बसलो, तेव्हापासून हाच धोशा. मी म्हणालो, चाळीस वर्षं माणसांवर नजर ठेवणाऱ्यांविरुद्ध बोललो, आता स्वतःच्या छातीवर पहारा बसवू? ते शांतपणे म्हणाले, "अप्पा, ठोके कुठं चुकतात ते दिसल्याशिवाय औषध कसं ठरवू?"
मी आवाज चढवला. थकलोय.

२५ ऑगस्ट
रक्त तपासायला पुन्हा दवाखाना. शेजारी जतकडचा धुळा – मेंढपाळ, माझ्याच वयाचा. मनगटावर काळा दोरा, त्याला खेटून तेच घड्याळ. काचेवर भंडारा!
विचारलं, डॉक्टरांचं पटलं वाटतं?
"न्हाई वो. डॉक्टर वरीसभर सांगत हुते. मायानं बांधलं, लेकीनं. रानात पडलो तर तिच्या फोनवर कळतंय. आदी दिसातनं धा डाव फोन करायची. मेंढरंबी वैतागली हुती."
"आणि भंडारा?"
"बिरदेवाला दावल्याबिगर नवं काय अंगाला लावत न्हाई आमी. तुमी का न्हाई घातलं? लेक न्हाई व्हय?"
लेक आहे.

२७ ऑगस्ट
ब्राह्मी पुण्याहून आली. मी मुद्दे तयार ठेवले होते – कंपन्या, माहितीचा बाजार, म्हातारपणावर चाललेला धंदा. तिनं वाद घातलाच नाही. माझा हात मांडीवर घेतला, घड्याळाचा पट्टा लावला. "सैल होतोय का?" एवढंच.
नाही म्हणालो.

२९ ऑगस्ट
कालपासून पर्युषण. दहा दिवस बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, रोज संध्याकाळी एकेका धर्मावर बोलायचंय. काल क्षमा, आज मार्दव. नम्रतेवर बोलताना ठोके एकशे बेचाळीस! ते फार वाढले किंवा घड्याळ हातातून निघालं, की ब्राह्मीच्या फोनवर कळतं; नोंदी डॉक्टरांकडेही जातात. तिनं लगेच आईला फोन केला – अप्पांना बसव. त्रिशला पुढच्या रांगेतून खुणा करत राहिली. मी बसलो नाही.
डॉक्टर म्हणतात, पुन्हा असं झालं तर भाषणं बंद.
मग माझं उरलं काय?

३१ ऑगस्ट
दोन दिवस हळू बोललो. लोक पेंगले.

१ सप्टेंबर
आजचा विषय सत्य. यावर हळू बोलता येत नाही मला. निघताना घड्याळ काढू लागलो.
"आवं, काढून ठेवलं तरी तिला कळतंय," त्रिशला म्हणाली. मग तिनंच ते झटकन माझ्या हातातून आपल्या हातात बांधलं, वर पदर ओढला. "बोला निवांत. मी गप बसते."
सहा ते साडेसात, सत्यावर बोललो. जुना आवाज परत आला. माणसं हलली नाहीत. ब्राह्मीचा फोन आला नाही.
घरी आल्यावर घड्याळ परत घेताना आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

२ सप्टेंबर
डॉक्टरांनी सकाळीच बोलावलं. नोंदी पुढ्यात. "एरवीच्या ठोक्यांचं औषधानं भागेल. पण काल सहा ते साडेसात – गती संथ, आणि ठोके मधेच अडतात. हे साधं नाही. काय करत होता तेव्हा?"
खरं सांगितलं.
त्यांनी त्रिशलाला आत बोलावलं. ती माझी औषधांची पिशवी सावरत आली आणि तिनं उभ्या उभ्याच विचारलं, "काय निघालं ह्यांचं?"