लाल माशीचं बारसं

मुलुंड, ४ फेब्रुवारी २०२४

चि. दिशास अनेक आशीर्वाद.

नातबाई, तू तिथं प्रयोगशाळेत मधमाश्यांच्या जाती ठरवतेस ना, मग ऐक. सोसायटीतल्या अनंताच्या झाडाखाली मातीत बारीक बिळं पडलीत. त्यांत एक इवलीशी माशी राहते. काळं डोकं, लालचुटुक पोट, जणू शालू नेसलेली नवरी! काळ्या, मळकट माश्या तिच्या घरात घुसायला बघतात. मी खुर्ची टाकून वर्तमानपत्रानं त्यांना हाकलतो, सोबत शाळेतल्या कविता म्हणतो. वरच्या माधुरीबाई खिडकी लावून घेतात.

मेलेली एक लाल माशी डबीतून पाठवतोय. नवी जात निघाली तर तिला तुझ्या आजीचं, रुक्मिणीचं नाव दे. एवढं एकच मागणं. सेक्रेटरी भीमराज तिथं फरशा बसवणार आहेत, म्हणून घाई कर.

माशीहून कणभर जास्त लोभ या म्हाताऱ्यावर असू दे.

तुझा नाना

बंगळूर, १२ फेब्रुवारी

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

नाना, वाट लावलीत! चोरटीला पहारा दिलात आणि घरमालकिणींना हाकललंत. त्या काळ्यांचे मागचे पाय बघा, परागानं पिवळे असतात. पोरांसाठी डबा आणतात बिचाऱ्या. तुमच्या नवरीच्या पायांवर पराग गोळा करायला केसच नाहीत. ती त्यांच्या बिळात आपलं अंडं घालते, आणि तिचं पोर आयता डबा खातं. काळ्या गेल्या तर तीही जाणार ना!

पण डबी उघडून मी लॅबमध्ये किंचाळले. आमच्या संग्रहातल्या एकाही मादीशी ती जुळत नाही! नक्की ठरवायला मात्र नर हवा. सडपातळ, लांब मिशांचा. तो फुलांवर सापडेल. फरशा थांबवा. आजीच्या नावासाठी मीही देव पाण्यात घालून बसलेय.

ओरडले तरी लाडकीच समजा.

दिशा

मुलुंड, २० फेब्रुवारी

चि. दिशास आशीर्वाद.

काळ्या मालकिणींची हात जोडून माफी मागितली. आल्या परत! तेवढ्यात भीमराज फरशांचा टेम्पो घेऊन हजर. म्हटलं, नवरा सापडेपर्यंत थांबा. कुणाचा नवरा, म्हणून दचकले. सगळं सांगितलं, तर स्वतःच चहाची गाळणी घेऊन तुळशीच्या मंजिऱ्यांपाशी दबा धरून बसले. आणि झकास! मिशाळ पठ्ठ्या त्यांनीच धरला. आता म्हणतात, माझ्या माशीच्या डोक्यावर फरशी नाही. टेम्पो परत गेला.

डबी पाठवतोय. जीव टांगणीला आहे, सोडव.

तुझा नाना

बंगळूर, २५ मार्च

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

नाना, आधी बसा. जात नवी नाही. तुमचा नर एका फार जुन्या नोंदीशी तंतोतंत जुळला. ती जात फक्त एका नरावरून ओळखली होती, मादी आजवर कुणी पाहिलीच नव्हती! डीएनएवरून आता पक्कं झालं की ही लाल त्याचीच जोडीदारीण. पण नियमानं जुनंच नाव राहणार, तिलाही तेच. आजीचं नाव देता येत नाही. नाचतेय आणि रडतेयही.

माया पातळ करू नका.

दिशा

मुलुंड, २ एप्रिल

चि. दिशास भरभरून आशीर्वाद.

रडतेस काय, वेडे! इतकी वर्षं एकट्या पडलेल्या सड्याफटिंगाला तू बायको मिळवून दिलीस. नावाचं म्हणशील, तर आमच्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं बायकोचं सासरचं नाव मीच लिहिलं होतं. कवितांच्या धुंदीत लिहिलं ‘कुमुदिनी’. तुझ्या आजीनं त्या नावाला एकदाही ओ दिली नाही. आई हाका मारून थकली. शेवटी अख्खं घर मुकाट्यानं तिला रुक्मिणीच म्हणू लागलं.

तेव्हा तुझ्या कागदावर नवऱ्याचं नाव खुशाल राहू दे. काल मी बिळापाशी वाकून ‘रुक्मिणी’ अशी हाक मारली, तर बाहेर आली! भीमराज साक्षीला आहेत.

लोभ आहेच, तो वाढवायला मुलुंडला ये.

तुझा नाना