तटाआतली थट्टा

ला सेर्काद, ता. ११ जून १९९६

चि. गास्तोंस, ताई ओदिलचे अनेक आशीर्वाद.

यंदा तू कमाल केलीस. दर खेपेला दारात टोपी काढून पर्यटकाचं सोंग घेतोस, घर किती शतकांचं म्हणून विचारतोस. मीही गाइड बनते आणि पहिल्या घासालाच तुला हसू फुटतं. रविवारी मात्र बटाटा-चीजच्या आलिगोचं ताट चाटूनपुसून संपलं तरी तुझं सोंग उतरेना. जत्रेसाठी घातलेला जुन्या काळचा झगा माझ्या अंगावर होताच, तेव्हा मीही हट्टाला पेटले. मग तू आभार मानून उठलास आणि वेशीकडे चालू लागलास. वळून हसशील म्हणून मी दारात उभी राहिले, तर तुझी बस गेलीसुद्धा.

रागावलास का रे? तुझी मिरेय वारल्यापासून एकटा आहेस. इथे माझ्याकडे राहायला यायचं की तुझा मुलगा रने म्हणतो त्या वृद्धाश्रमात जायचं, हे या खेपेला ठरणार होतं. तुझ्या खोलीला मी चुनासुद्धा काढून ठेवलाय.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी ताई ओदिल

माँपेलिये, ता. १५ जून

ती. ओदिलताईस सा. न. वि. वि.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, काही उमगलं नाही. थट्टा मी केली की तू करते आहेस? रविवारी मी तुला शोधून शोधून दमलो. तटाच्या ज्या भगदाडातून आपण मेंढरं आत घ्यायचो, ते सापडेना. दारावर काटेफूल ते आपलं घर, एवढं पक्कं ठाऊक होतं, तर आता प्रत्येक दारावर काटेफूल ठोकलेलं. गाव इतकं जपून ठेवलंय की त्यात आपलं कुठलं तेच कळेना.

एका म्हातारीने घरात बोलावून जेवू घातलं. भली बाई, पण सारखी हसू दाबत होती. तुझं घर तिला विचारणार होतो, पण आपल्याच गावात पत्ता विचारायची लाज वाटली. भेटली तर माझे आभार सांग. तिच्या हाताला आईची चव होती.

रनेला हो म्हणून टाकतो. घरच सापडत नाही तिथे राहायला कसा येऊ?

आहे तसा लोभ राहू द्यावा.

तुझा गास्तों

ला सेर्काद, ता. १८ जून

चि. गास्तोंस अनेक आशीर्वाद.

ते भगदाड तू लष्करात जाण्याआधीच बुजलं. चिखलाचा गारा तूच कालवला होतास. काटेफुलं तर पूर्वीही घरोघरी होती, पाऊस यायचा असला की मिटतात म्हणून.

ती म्हातारी मी होते, गास्तों.

आधी वाटलं, सोंग अजून चालूच आहे. मग भीती वाटली, फार वाटली. डॉक्टरला विचारू की पाद्र्यांना, काही सुचत नाही. तुझ्यासमोर बसून मी हसत होते, हे आठवलं की जीव नकोसा होतो. पण एक सांगते, गावात इतकी दारं असताना भुकेल्या पोटी तू येऊन उभा राहिलास तो माझ्याच दारात.

गुरुवारी सकाळच्या बसने तुला न्यायला येते. तोवर रनेला काही कळवू नकोस. दार उघडशील तेव्हा मला ओळखलं नाहीस तरी चालेल, पण आत घे.

तुझी ताई ओदिल