दस्तीखालचा आकडा

मी, काकासाहेब तातेराव गाडेकर, वय ७८, धंदा बैलबाजारातील दलाली (आता बंद), रा. केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना, पूर्ण शुद्धीत आणि राग शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा रामप्रसाद यास मिळावी. तीस वर्षे तो मला लबाड समजतो, तरी मिळावी. मात्र पुढची कलमे वाचल्याशिवाय त्याला किल्ली देऊ नये.

२. आमच्याकडे आजोबांपासून, म्हणजे निजामाच्या अमलापासून, बैलाचा भाव तोंडाने बोलत नसत. दलाल दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली, विकणाऱ्याचा हात धरी, आणि तो बोटे दाबून ज्याच्या खाली तो उतरणार नाही असा आपला शेवटचा आकडा सांगे. तो आकडा दलालाने बायकोलाही सांगायचा नाही. यालाच मी व्यापार म्हणतो. मोबाईलवर फोटो टाकून भाव जाहीर करणाऱ्यांना ते कळायचे नाही.

३. तीस वर्षांपूर्वी धावड्याच्या गोजरबाई नवरा वारल्यावर बैलजोडी विकायला आल्या. त्यांचा आकडा मी जेवता जेवता धाकटा भाऊ संपत यास सांगितला. सख्खा भाऊ, त्यात भागीदार. त्याने जाऊन तो घेणाऱ्याला विकला. घेणारा त्या आकड्यावरच अडून बसला आणि जोडी मातीमोल गेली. भर बाजारात बाई म्हणाल्या, "काकासाहेब, तुमच्या भरवशावर बोटं दाबली म्या. तुम्ही ती बाजारात मांडली." संपत शेजारीच उभा होता. तो हरामखोर मलाच म्हणाला, "दादा, असं कामून केलं?"

त्यानंतर माझ्या हातात कोणी हात दिला नाही. मी संपतचे नाव घेतले नाही, कारण घेतले असते तर आधी आकडा मीच फोडला हे कबूल करावे लागले असते. ते आज करतो. मला त्याची लाज वाटते.

४. गोठ्याची चार गुंठे जागा गोजरबाईंना द्यावी. उपकार केल्यासारखी देऊ नये.

५. संपतला काहीही नाही. माझ्या तिरडीला त्याचा खांदाही नको. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळत नाही त्यालाच साक्षीदार करावे, आणि साक्षीदाराला मजकूर माहीत असलाच पाहिजे असे नाही. पहिली गोष्ट मला पसंत पडली, दुसरी बिलकुल नाही. संपतला बोलावून शब्दन् शब्द वाचून दाखवावा, मगच सही घ्यावी.

ठिकाण: केदारखेडा
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५

(सही) काकासाहेब तातेराव गाडेकर

साक्षीदार:
१. सर्जेराव, शेजारी (सही)
२. संपत तातेराव गाडेकर (सही)
सगळं ऐकलं. खरं हाय.